पार्ट आधी टेबलावर, मग गाडीवर: ऑनलाइन मागवलेल्या सुट्या भागांच्या प्रकल्प नोंदी

४ मे

काम ठरलं. गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, जुनी आहे पण इंजिन तब्येतीने चांगलं आहे. यावेळी करायचंय ते असं: पुढचे ब्रेक पॅड, चार स्पार्क प्लग, ऑइल आणि ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग (वेग वाढला की घूंऽऽ असा आवाज येतो आणि उजवीकडे वळताना वाढतो), ब्रेक फ्लुइड आणि हेडलाइटचे बल्ब. बहुतेक सगळं ऑनलाइनच मागवायचंय, कारण या मॉडेलचं सामान समोर जाऊन मिळणं आता अवघड झालंय.

एकच नियम ठेवलाय: टेबलावर तपासल्याशिवाय कुठलाही पार्ट गाडीला लागणार नाही. खोकं कितीही ओरिजिनल दिसत असलं तरी नाही. खोकं छापणं ही डुप्लिकेट माल करणाऱ्याची सगळ्यात सोपी पायरी आहे, हे डोक्यात पक्कं ठेवूनच सुरुवात.

आणखी एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण यावरून लोक कायम गोंधळतात. स्वस्त पार्ट म्हणजे डुप्लिकेट नव्हे. एखादी कंपनी स्वतःच्या नावाने, स्वतःचा नंबर टाकून पॅड विकते तो आफ्टरमार्केट माल, तो चांगला असेल किंवा सुमार असेल पण तो जे आहे तेच सांगतो आणि वाईट निघाला तर पकडायला माणूस असतो. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव लावून आलेला. त्याच्यामागे कोणीच उभं नसतं, आणि आतला माल कुठल्या मापाने केलाय हे कुणालाच माहीत नसतं. मला पहिल्याची भीती नाही, दुसऱ्याची आहे.

६ मे

आज एकही ऑर्डर नाही, फक्त नंबर काढले. कंटाळवाणं काम पण पुढची अर्धी तपासणी इथेच होते.

आधी गाडीचा चासी नंबर म्हणजे व्हीआयएन, १७ अक्षरं-आकडे, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे शंका आली की तो एक किंवा शून्यच धरायचा. त्यावरून गाडीच्या कंपनीच्या कॅटलॉगमधून प्रत्येक पार्टचा नंबर काढला. काही नंबर मध्ये बदललेत, जुना रद्द होऊन नवा आलाय, तो बदल लिहून ठेवला, नाहीतर योग्य पार्ट येऊनही नंबर जुळत नाही म्हणून उगाच संशय घ्यायचो.

मग ज्या कंपन्यांचे पार्ट घ्यायचा विचार आहे त्यांच्या स्वतःच्या कॅटलॉगमधून मापं उतरवली. प्लगचे आटे १४ मिमी, आट्याची लांबी १९ मिमी, पाना १६ चा. बेअरिंगचा आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. पॅडची लांबी, उंची, जाडी. विक्रेत्याच्या पानावरची मापं मुद्दाम घेतली नाहीत, ती बऱ्याचदा दुसरीकडून उचलून चिकटवलेली असतात आणि ज्याला तपासायचंय त्याच्याच सांगण्यावर तपासणी कशी करणार.

जुने पार्ट काढले की फेकायचे नाहीत हेही ठरवलं. गाडीतून निघालेला, वर्षानुवर्षं नीट चाललेला जुना पार्ट हा सगळ्यात चांगला नमुना, त्याच्याशेजारी नवा ठेवला की डोळ्यालाच बरंच कळतं.

७ मे

ऑर्डरी टाकल्या. विक्रेता बघण्यात बहुतेक दिवस गेला.

बाजारपेठेची वेबसाइट मोठी आहे म्हणून माल खात्रीचा असं काही नसतं, कारण विकणारा बहुतेक वेळा तिसराच कोणीतरी असतो. म्हणून "विक्रेता कोण" तिथे जाऊन बघायचं, व्यवसायाचं खरं नाव, पत्ता, किती काळापासून विकतोय, बाकी काय काय विकतो. जो माणूस मोबाइलचे कव्हर, केसांचे मशीन आणि व्हील बेअरिंग एकाच पानावर विकतो त्याच्याकडून बेअरिंग घ्यायचं नाही, माझ्यापुरतं तरी. काही देशांत आता ही माहिती द्यायला लावणारे कायदेही झालेत, अमेरिकेत इन्फॉर्म कन्झ्युमर्स अॅक्ट जून २०२३ पासून लागू आहे आणि युरोपियन युनियनच्या डिजिटल सर्व्हिसेस अॅक्टमध्येही विक्रेत्याची ओळख तपासून ठेवण्याची जबाबदारी बाजारपेठेवर टाकलीय. म्हणजे विक्रेत्याचा पत्ता विचारणं यात काही आगाऊपणा नाही.

रिव्ह्यू वाचताना तारे मोजत बसलो नाही. ज्यांनी फोटो टाकलेत तेच उघडले, आणि एक-दोन तारेवाले आधी वाचले. बऱ्याच ठिकाणी एकाच पानावर वेगवेगळे पार्ट एकत्र केलेले असतात, वायपरचं कौतुक प्लगच्या खाली दिसतं, ते सोडून द्यायचं.

अजून एक भानगड आहे जी बाहेरून दिसतच नाही. काही मोठ्या गोदामांत एकाच बारकोडचा माल वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून येतो आणि एकाच रॅकवर मिसळून ठेवण्याची पद्धत राहिलीय. म्हणजे तुम्ही चांगल्या विक्रेत्याकडून घेता पण पार्सलमध्ये पडतो तो दुसऱ्याच कुणीतरी आणून टाकलेला नग. म्हणून शक्य तिथे विक्रेता स्वतःच्या गोदामातून पाठवतो असा पर्याय घेतला, आणि बेअरिंगसाठी थेट कंपनीच्या वेबसाइटवरच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीतून नाव उचललं.

भावाचं बोलायचं तर सगळीकडे साधारण सारखा असलेला पार्ट एकाच ठिकाणी निम्म्याला असेल तर तो प्रश्न विचारायचा भाव आहे. उलट पूर्ण भाव लावला म्हणून माल खरा असंही नाही, हुशार डुप्लिकेटवाला भाव फार खाली आणत नाही.

विक्रेत्यांना मेसेज टाकून पार्टवरच्या नंबरचा प्रत्यक्ष फोटो मागितला. बेअरिंगवाल्याने तासाभरात पाठवला. प्लगवाल्याने तोच जाहिरातीतला फोटो परत पाठवला. प्लगची ऑर्डर तरीही टाकली, परत करण्याची अट चांगली आहे आणि तपासणी होणारच आहे, पण वहीत लाल खूण केली. पैसे सगळीकडे कार्डाने, म्हणजे वाद झाला तर बँकेकडे जाता येतं.

११ मे

पहिली पार्सलं आली. उघडायची पद्धत बसवली: फोन स्टँडवर, व्हिडिओ मध्ये न थांबवता, आधी पार्सलचं लेबल, मग सील, मग खोक्याच्या सगळ्या बाजू, मग पार्ट आणि त्यावरचा नंबर. वाद झाला तर "हा पार्ट आमच्या पार्सलमधला नाहीच" हे पहिलं उत्तर येतं, त्याला हा व्हिडिओ उपयोगी पडतो.

खोक्यावर बघायचं ते: स्पेलिंग, छपाईचा रंग, अक्षरांच्या कडा, खोक्यावरचा नंबर आणि आतल्या पार्टवरचा नंबर एकच आहे का, लेबल जुन्या लेबलवर चिकटवलंय का.

क्यूआर कोडबद्दल जरा सविस्तर लिहितो. कोड फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करून "ओरिजिनल" असं हिरवं पान उघडलं म्हणून खूश व्हायचं नाही, कारण कोड कुठल्या वेबसाइटवर नेतो ते छापणारा ठरवतो, आणि कंपनीच्या पानासारखं पान बनवणं अवघड नाही. कंपनीचं स्वतःचं अॅप असेल तर त्यातूनच स्कॅन करायचं, नाहीतर कंपनीचा पत्ता आपण हाताने टाइप करून तिथे कोड घालायचा. आणि खरा कोडसुद्धा हजार खोक्यांवर तसाच्या तसा छापता येतो, म्हणून चांगल्या पद्धतीत हा कोड आधी किती वेळा तपासला गेलाय तेही कळतं. नव्या सीलबंद खोक्याचा कोड आधीच भरपूर वेळा तपासलेला दिसला तर गडबड आहे. शेवटी कोड खोक्याबद्दल सांगतो, आतल्या पार्टबद्दल नाही. रिकामी खरी खोकी गोळा करून त्यात माल भरणारेही आहेतच.

१२ मे

प्लग डुप्लिकेट निघाले. ही नोंद लांब होणार.

खोकं छान होतं, खरंच छान. होलोग्राम, कोड, सगळं. चारही प्लग काढून जुन्या प्लगशेजारी एका ओळीत ठेवले आणि काकांना बोलावलं, त्यांचं आयुष्य टूलरूममध्ये गेलंय, त्यांची नजर व्हर्नियरसारखी (बारीक मापं घेणाऱ्या पट्टीसारखी) चालते. "काका, हे जरा बघता का?" त्यांनी एक उचलला, वॉशर फिरवला आणि म्हणाले, "अरे, हा हातात निघून आला बघ." खऱ्या प्लगचा वॉशर बसवताना आतल्या बाजूला दाबून अडकवलेला असतो, तो फिरतो पण आट्यांवरून सहज निसटत नाही. हा सरळ सटकला.

मग एकेक बघत गेलो. खालचा इलेक्ट्रोड, म्हणजे वाकवलेली पट्टी, मधल्या टोकाच्या बरोबर वर यायला हवी, दोन प्लगांत ती एका बाजूला सरकलेली. गॅप चारांत चार वेगळे, फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजले. जुन्या प्लगचे आटे गुळगुळीत, चमकदार आहेत, कारण ते रोल करून काढलेले असतात. नव्याच्या आट्यांच्या कडांना बारीक कुसळं, नख अडकतं. चिनीमातीवरची छपाई थिनरच्या बोळ्याने पुसली तर अक्षर फिकट झालं. जुन्या प्लगच्या सहा-पैलू भागावर लॉटचा शिक्का खोल आणि सरळ, नव्याच्या चारही प्लगांवर शिक्का उथळ आणि वाकडा.

हे इरिडियम प्लग म्हणून विकलेले. इरिडियम प्लगचं मधलं टोक बारीक तारेचं असतं, एनजीके कंपनीच्या इरिडियम आयएक्समध्ये ०.६ मिमी, डेन्सोच्या इरिडियम पॉवरमध्ये ०.४ मिमी, आणि ते टोक लेझरने जोडलेलं असतं, भिंगातून जोडाची रेघ दिसते. इरिडियम सुमारे २४४६ अंश सेल्सियसला वितळतं, निकेल १४५५ ला, म्हणूनच इतकं बारीक टोक टिकू शकतं. आमच्यासमोरच्या प्लगांत जोडाची रेघच नव्हती, साधं टोक तासून बारीक केलेलं, वर काहीतरी चकचकीत.

शेवटी मल्टिमीटर. नंबरमध्ये आर असलेल्या प्लगच्या आत रेझिस्टर असतो, साधारण ५ किलोओमचा, वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मोजला की काही हजार ओम दिसायला पाहिजेत. जुने प्लग त्या घरात होते. नव्यातल्या एकात जवळजवळ शून्य, म्हणजे आत रेझिस्टरच नाही, दुसऱ्यात कंटिन्युइटीच नाही. हा रेझिस्टर ठिणगीचा विद्युत गोंगाट दाबतो, तो नसेल तर रेडिओत खरखर येते आणि सेन्सर, ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) सिग्नलमध्येही व्यत्यय येऊ शकतो, मग चेक इंजिनचा दिवा लागतो आणि माणूस भलतेच पार्ट बदलत बसतो.

पण मला खरी काळजी वाटते ती हीट रेंजची, कारण ती घरी मोजताच येत नाही. प्लग टोकाची उष्णता हेडकडे किती वेगाने नेतो यावर ती ठरते. फार गरम प्लग असेल तर टोक लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं, त्याने पिस्टन वितळू शकतो. चिनीमाती कच्ची असेल तर तुकडा सिलिंडरमध्ये पडतो. नंबर तोच छापलाय म्हणून आत तीच हीट रेंज आहे असं कोण सांगणार? वॉशर, शिक्का, छपाई या गोष्टींनी इंजिन बिघडत नाही, पण जो इथे चुकलाय त्याने आत काय केलं असेल हे त्यावरून कळतं, त्यासाठीच हे सगळं बघायचं.

चारही प्लग पिशवीत, पिशवीवर ऑर्डर नंबर आणि "लावायचे नाहीत".

१३ मे

तक्रार टाकली, फोटो आणि मोजमापं जोडून. "प्लग खराब वाटतात" असं न लिहिता "अमुक प्लगचा रेझिस्टन्स इतका, कंपनीच्या मापाप्रमाणे इतका हवा, फोटो क्रमांक तीन" असं लिहिलं. ज्या कंपनीचं नाव वापरलंय त्यांनाही ईमेल केला, बहुतेक मोठ्या कंपन्यांचा डुप्लिकेट मालासाठी वेगळा विभाग असतो.

विक्रेत्याचं उत्तर आलं: निम्मे पैसे परत घ्या आणि प्लग ठेवा. नाही म्हटलं. निम्मे पैसे घेतले की तक्रार मिटली असं नोंदलं जातं आणि तो माणूस तेच प्लग उद्या दुसऱ्याला विकणार.

१५ मे

ब्रेक पॅड. हे आफ्टरमार्केट घेतलेत, कंपनीच्या स्वतःच्या नावाचे, आणि चांगले निघाले.

युरोपात बदली पॅडसाठी यूएन रेग्युलेशन ९० आहे, त्यात पास झालेल्या पॅडवर गोलातलं ई आणि त्यापुढे देशाचा आकडा असतो (१ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन), आणि ९०आर असलेला मंजुरी नंबर. अमेरिकन पद्धतीत पॅडच्या कडेला दोन अक्षरं असतात, पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं गरम असतानाचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. माझ्या पॅडवर दोन्ही खुणा आहेत, खोक्यावरचा मंजुरी नंबर आणि पाठीच्या पत्र्यावरचा एकच. दोन अक्षरांवरून पॅड किती टिकेल किंवा आवाज करेल का हे कळत नाही, तेवढ्यावर जाऊ नये.

बाकी तपासणी: पत्रा काचेवर ठेवून सपाट आहे का, लायनिंग (डिस्कवर घासणारा थर) आणि पत्रा यांच्यामध्ये फट नाही ना, चारही पॅडची जाडी सारखी आहे का, कान (पत्र्याची दोन्ही टोकं) कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाच्या, ब्रॅकेटमध्ये न ठोकता सरकतात का. कान जाड असले तर पॅड अडकून राहतो, डिस्क तापते. लायनिंगवर भेगा, फुगे, नखाने कण सुटणं, यातलं काहीही दिसलं तर पॅड परत.

संशयित पॅड घासून, कापून आत काय आहे ते घरी बघायचं नाही. नियंत्रण नसलेल्या मालात अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. जुन्या पॅडची धूळसुद्धा हवेच्या झोताने उडवायची नाही, ओली करून पुसायची.

१६ मे

ऑइल फिल्टर दोन मागवले होते, त्यातला एक कापायलाच. फिल्टर कटरने कापला, करवतीने कापला तर किसच आत पडतो आणि मग काय फिल्टरमधलं आणि काय करवतीचं ते कळत नाही. आत कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर, टोकं नीट चिकटवलेली, बायपास व्हॉल्व्हची (फिल्टर तुंबला तर तेलाला वाट देणारा) स्प्रिंग जागेवर, आणि तेल परत वाहून न जाऊ देणारं रबर लवचिक. हे रबर नसलं किंवा कडक असलं तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा वेळ इंजिन तेलाशिवाय खडखडतं. पास. दुसरा त्याच लॉटचा, तो लावायचा.

२० मे

बेअरिंग. कंपनीच्या अॅपवर तपासलं (एसकेएफचं ऑथेंटिकेट आणि शेफलरचं ओरिजिनचेक अशी अॅप आहेत, आपल्या बेअरिंगच्या कंपनीचं वापरायचं), फोटो पाठवला की तिकडची माणसंही बघून सांगतात. व्हर्नियरने मापं कॅटलॉगप्रमाणे. नंबर लेझरने कोरलेला, बारीक आणि एकसारखा. हळू फिरवल्यावर कुठेही खर नाही.

या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच एबीएससाठी (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चुंबकीय कडं आहे. बाहेरून नुसतं काळं रबर दिसतं. चुंबक दाखवणारं हिरवं कार्ड वर धरलं की उभ्या पट्ट्या एकसारख्या दिसतात. डुप्लिकेट मालात हे कडं नसतं किंवा पट्ट्या कमी-जास्त असतात, बेअरिंग फिरतं छान पण एबीएसचा दिवा जात नाही आणि दोष सेन्सरवर येतो. हीच बाजू सेन्सरकडे बसवायची, आणि चुंबक असलेल्या ट्रेमध्ये ठेवायचं नाही. वरचं गंजरोधक तेल धुवायचंही नाही.

२२ मे

मित्राचा फोन आला. त्याच्या गाडीची एअरबॅग उघडली होती, ऑनलाइन "नवी, ओरिजिनल" मिळतेय, घेऊ का म्हणून विचारत होता. "घेऊ नकोस, अजिबात," असंच सांगितलं.

प्लग, पॅड, बेअरिंग यांना काहीतरी मोजता येतं. एअरबॅगला टेबलावर मोजण्यासारखं काहीच नाही, ती चालते की नाही हे फक्त अपघातातच कळतं. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, ऑक्टोबर २०१२ मध्ये डुप्लिकेट एअरबॅगबद्दल इशारा दिला होता, चाचणीत काही उघडल्याच नाहीत आणि काहींमधून धातूचे तुकडे उडाले. २०२४ मध्येही निकृष्ट बदली इन्फ्लेटरमुळे (बॅग फुगवणारा भाग) माणसं गेल्यावर त्यांनी पुन्हा इशारा दिला. दिसायला या बॅगा हुबेहूब असतात, कव्हर तेच, लोगो तोच. एअरबॅग फक्त गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून, बिलासकट. जुनी गाडी घेताना आधी अपघात झालाय का आणि बॅग कुणी बदलली हेसुद्धा विचारावं, स्टार्ट केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो का तेही बघावं, दिवा लागतच नसेल तर कुणीतरी तो बंद केलेला असू शकतो.

त्याला अधिकृत सेंटरला फोन लावायला लावला. वेळ लागेल म्हणाले, लागू दे.

२५ मे

बसवायला सुरुवात. बेअरिंग काकांच्या ओळखीच्या प्रेसवर बसवलं, नकलमध्ये (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) दाबताना बाहेरच्या कड्यावरच दाब, आतल्या कड्यावर दिला तर नवं बेअरिंग तिथेच खराब. पॅड बसले, कान हलके सरकले.

ब्रेक फ्लुइड डॉट ४. या दर्जाचा उत्कलनबिंदू कोरडा असताना कमीत कमी २३० अंश आणि पाणी शोषल्यावर १५५ अंश हवा, डॉट ३ ला हेच २०५ आणि १४०. बाटलीत खरंच काय आहे हे घरी डोळ्याने कळत नाही, म्हणून ही बाटली ऑनलाइन मागवलीच नाही, अधिकृत विक्रेत्याकडून आणली, झाकणाखालचं फॉइल शाबूत, तारीख जवळची.

बल्ब एच७, ५५ वॅट. ई खूण बेसवर आहे. दोन्ही लावून भिंतीवर झोताची कड बघितली, सरळ आणि स्पष्ट. डुप्लिकेट बल्बमध्ये फिलामेंट जागेवर नसलं की वॅट बरोबर असूनही झोत विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो.

२८ मे

प्लगचे नवे चार नग अधिकृत विक्रेत्याकडून आले. वॉशर अडकलेला, शिक्का खोल, जोडाची रेघ भिंगात स्वच्छ, चारही रेझिस्टन्स ५ किलोओमच्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ. थंड इंजिनवर बसवले, आधी पूर्ण हाताने, आटा कुठेही जड लागला नाही, मग टॉर्क रेंचने २५ न्यूटन-मीटर (१४ मिमी वॉशरवाला प्लग, अॅल्युमिनियमचं हेड). टॉर्क रेंच नसेल तर वॉशर टेकल्यावर नव्या प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू, आयडल सपाट. पॅड बसण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू ब्रेक लावत, मध्ये थंड होऊ देत गाडी फिरवली. बेअरिंगचा आवाज गेला, एबीएसचा दिवा विझलेला.

२ जून

बाजारपेठेने प्लगचे पूर्ण पैसे परत केले. माल परत पाठवा असंही सांगितलं, तेव्हा लेखी विचारलं की हे प्लग पुन्हा विक्रीला जाणार नाहीत ना. उत्तर आलं की नष्ट केले जातील. ते उत्तर जपून ठेवलंय. पाठवण्याआधी प्रत्येक प्लगच्या चिनीमातीवर न पुसणाऱ्या मार्करने आडवी रेघ मारून फोटो काढला. कंपनीच्या विभागानेही लॉटच्या शिक्क्याचे जवळचे फोटो मागितलेत, ते आज पाठवले. विक्रेत्याचं पान अजून चालू आहे, त्या पानावर मोजमापांसकट रिव्ह्यू लिहिला.

राहिलेलं: एअर फिल्टर अजून यायचाय. आला की उजेडासमोर धरून कागदात छिद्र किंवा फाट नाही ना ते बघायचं, कडेचं रबर जुन्याशी जुळवायचं आणि घरात दाबून बसतं का ते तपासायचं. पॅड पुढच्या चाक-फेरबदलाच्या वेळी पुन्हा मोजायचे, आतला आणि बाहेरचा दोन्ही.